खाडा न पडलेला दिवस

पहाटे साडेतीन

डिसेंबरात मांजरेच्या काठाला या वेळी थंडी हाडात शिरते. कोपीत सगळ्यांत आधी बाई उठते. बांबूच्या कामट्या, वर ताडपत्री, बाजूंनी पाचट आणि आत धड उभं राहता येणार नाही एवढीच उंची. कोपीच्या तोंडाशी तीन दगडांची चूल. बाई अंधारात पीठ मळते, दुपारच्याही भाकरी आत्ताच थापून घेते, कारण फडावर गेल्यावर चुलीपाशी बसायला सवड नसते. ठेचा, असलं तर थोडं वरण. पाण्याची कळशी रात्रीच भरून ठेवलेली. धाकट्या लेकराला ती चुलीजवळ सरकवते, थोरलीला हाक मारते, मग गड्याला उठवते.

हा दिवस कुणा एका जोडप्याचा नाही. अंबाजोगाई, केज, धारूर, परळी या पट्ट्यातून निघालेल्या कुठल्याही टोळीत तो थोड्याफार फरकाने असाच निघतो, मग फड मांजरेकाठचा असो की कोल्हापुरातला. या भागातला ऊस कधी अंबासाखरला, कधी कळंब तालुक्यातल्या रांजणीला, कधी लातूरकडच्या कारखान्यांना जातो. पुढे जी रीत सांगणार आहे ती यांपैकी कुणा एकाची नाही, साऱ्या राज्याच्या साखर हंगामाची आहे. कारखाना कसा चालतो हे सांगायचं झालं की लोक संचालक मंडळ, गाळप क्षमता, साखरेचा भाव यांपासून सुरुवात करतात. मला ते कोपीपासून बघावंसं वाटतं, कारण कारखान्याच्या गव्हाणीत पडणारा बहुतेक ऊस आधी या माणसांच्या हातांतून गेलेला असतो आणि तो कसा जातो, यावर पुढचं बरंच ठरतं.

पाच वाजता

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टोळी बसते. दहा-बारा जोडपी, त्यांची लेकरं, कोयते, भाकरीची गाठोडी. इथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा गडी असेल तर तो अर्धा. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते ती जोडीला. म्हणून हंगाम जवळ आला की लग्न न झालेल्या पोरासाठी बायको शोधायची घाई होते, आणि मुलीला मागे गावात एकटं ठेवायची भीती वाटते म्हणून तिकडूनही घाई होते. बीड जिल्ह्यात बालविवाह इतके का, याची कारणं अनेक आहेत. त्यांतलं हे एक थेट कामाच्या रचनेतून येतं.

उचलीची साखळी अशी. कारखाना पैसे देतो वाहतूकदाराला, म्हणजे ट्रक किंवा ट्रॅक्टरच्या मालकाला. तो देतो टोळी जमवणाऱ्या मुकादमाला. मुकादम पावसाळ्यातच, घरात दाणे नसतात आणि बी-बियाण्याची, दवाखान्याची, लग्नाची नड असते तेव्हा, ती जोडप्याला देतो. रक्कम हल्ली लाखाच्या आसपास किंवा त्याहून वर जाते. मग दसरा-दिवाळीनंतर निघायचं आणि ती फिटेपर्यंत तोडायचं. कारखान्याच्या हजेरीपटावर या माणसाचं नाव नसतं. तो कुणाचा नोकर, असं विचारलं तर कारखाना वाहतूकदाराकडे बोट दाखवतो, वाहतूकदार मुकादमाकडे. मुकादमाचं उत्तर ठरलेलं असतं: ‘मी पण त्यांच्यातलाच.’ आणि बऱ्याचदा तो असतोही. काल कोयता धरणाराच आज मुकादम झालेला असतो.

या साखळीत बाईचं नाव कुठेच येत नाही. निम्मं काम तिचं असतं, पण उचल नवऱ्याच्या हातात, करारावर अंगठा त्याचा, हिशेब त्याच्याशी.

सकाळी सात

फडाला आता उजेड आलाय. गडी पुढे, बाई मागे. तो डाव्या हाताने चार-पाच ऊस कवेत घेतो, वाकतो, बुडख्यावर कोयता मारतो, पाला सवळतो, शेंड्याचं वाढं उडवतो, ऊस मागे टाकतो. ती ऊस गोळा करून वाढ्याच्याच आळ्याने मोळी बांधते.

हा वार नीट बघण्यासारखा असतो. उसात साखर सगळ्यांत जास्त असते बुडाशी आणि सगळ्यांत कमी शेंड्याला. म्हणून ऊस जमिनीलगत तोडला पाहिजे. दोन-तीन इंच बुडखा वर राहिला की सगळ्यांत गोड भाग रानातच राहतो. शिवाय खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या पुढच्या पिकाला, फुटवे जमिनीखालच्या डोळ्यांतून न येता वरच्या डोळ्यांतून येतात आणि ते कमजोर निघतात. म्हणजे एका चुकलेल्या वाराने यंदाचा साखरेचा उतारा जातो आणि शेतकऱ्याचा पुढच्या वर्षीचा खोडवाही बिघडतो.

पण जमिनीलगत वार करायचा तर दर वेळी पूर्ण वाकावं लागतं. सकाळी सातला गडी वाकतो. दुपारी, कित्येक तास झाल्यावर, तोच गडी गुडघ्यातून थोडासाच वाकतो आणि बुडखा राहतो. पैसे टनावर मिळतात. नीट तोडल्याचे वेगळे पैसे नाहीत, पाचट कमी गेलं म्हणून बक्षीस नाही. शेंड्याचे कोवळे कांडे मोळीत गेले तर वजन वाढतं, मग ते जातात. काही ठिकाणी तर फड पेटवून देतात, कारण पाला जळाला की तोडणी झपाट्याने होते. जळका ऊस लवकर उतरतो, कारखाना दर कापतो आणि तो भुर्दंड शेतकऱ्यावर बसतो. शेतकरी टोळीला शिव्या देतो. मला मात्र वाटतं की ज्या माणसाला फक्त टन मोजून पैसे मिळतात, त्याने साखरेचा विचार करावा अशी अपेक्षा धरायचा हक्क आपल्याला नाही.

सकाळी नऊ

या वेळेला मुकादम फडावर येतो आणि माणसं मोजतो. आज एका कोपीतली बाई आली नाही. पोटात दुखतंय, अंगावरून जातंय. मुकादम वहीत खाडा मांडतो.

खाडा म्हणजे गैरहजेरीचा दंड. दिवसाला पाचशे ते हजार रुपये. आता आकडे शेजारी ठेवून बघा. जानेवारी 2024 मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या मध्यस्थीने साखर संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटनांमध्ये करार झाला, तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली आणि हा दर टनाला साडेतीनशे रुपयांच्या वर गेला. एक जोडपं दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडून भरतं. म्हणजे दोघांची मिळून कमाई सातशेच्या थोडी वर, एकीच्या वाट्याची साडेतीनशेच्या थोडी वर. बाई एक दिवस आजारी पडली तर तिची त्या दिवसाची कमाई जाते आणि वर कमाईपेक्षा मोठा दंड बसतो. नोकरदाराची रजा संपली तर बिनपगारी होते. इथे आजारपण उचलीत चढतं.

पाळी दर महिन्याला येते. फडावर आडोसा नसतो, संडास नसतो, अंगावरचं कापड बदलायला जागा नसते, धुवायला पाणी नसतं. अंगावरून जात असताना डोक्यावर मोळी घेऊन फळीवर चढायचं. जंतुसंसर्ग होतो, तो अंगावर काढला जातो, वाढतो. मग हंगाम संपल्यावर बाई गावाकडच्या एखाद्या खासगी दवाखान्यात जाते आणि तिथे तिला गर्भाची पिशवी काढून टाकायचा सल्ला मिळतो. शस्त्रक्रियेचे पैसे मुकादमाकडून, पुढच्या उचलीत. पिशवी गेली की पाळी गेली, पाळी गेली की खाडा गेला, असा हा हिशेब.

2019 साली हे देशभर गाजलं. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. म्हणजे सहा जणींत एक. त्यांत तिशी-पस्तिशीच्या बायका होत्या. गर्भाशयाबरोबर अंडाशयंही गेली तर त्या वयात हाडं ठिसूळ होऊ लागतात, कंबर धरते, अंगातून वाफा निघतात, आणि तरी कोयता सुटत नाही. हे प्रकरण गाजल्यावर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागू लागली. ते योग्यच झालं. पण नियम दवाखान्याला लागला, खाड्याला हात लागला नाही. जे बाईला दवाखान्यापर्यंत ढकलत होतं ते फडावर तसंच राहिलं.

अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, खास ग्रामीण भागासाठी म्हणून 1974 साली सुरू झालेलं. तिथलं रुग्णालय फडापासून फार लांब नाही. पण तिथे जायचं म्हणजे सकाळी केसपेपर, दुपारी तपासण्या, उद्या परत. म्हणजे दोन खाडे. मार्गशीर्षात तिथल्याच योगेश्वरी देवीचं नवरात्र बसतं, कोकणातून आणि पुण्याहून कुळाचाराला माणसं अंबाजोगाईला येतात. जवळच्या फडातली बाई देवीला जात नाही, त्याचंही कारण हेच.

दुपारी साडेबारा

भाकरीची वेळ. ट्रॉलीच्या सावलीत नाहीतर बांधावरच्या एखाद्या बाभळीखाली दहा-पंधरा मिनिटं. पाणी सकाळी आणलेलं, आता कोमट. संपलं की विहिरीचं, नाहीतर पाटाचं. मार्चमध्ये हीच वेळ चाळिशीच्या उन्हाची असते.

या ठिकाणी मला मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरची गोष्ट सांगायची आहे. तिथल्या उसाच्या मळ्यांत तरुण मजुरांची मूत्रपिंडं निकामी होत होती आणि उन्हातलं अखंड काम हे त्याचं मोठं कारण असल्याचं दिसत होतं. 2014-15 च्या हंगामात एका कारखान्याच्या तोडणी मजुरांवर एक प्रयोग झाला. फिरती सावली, पाठीवर वाहून नेता येईल असं पाणी, ठरलेल्या वेळी सक्तीची विश्रांती आणि कमी वाकावं लागेल असा सुधारलेला कोयता. विश्रांती वाढली म्हणून काम घटेल अशी धास्ती होती. झालं उलट. माणशी रोजची तोडणी 5.1 टनांवरून 7.3 टनांपर्यंत गेली. तिथे जळका ऊस तोडतात आणि भरणी यंत्राने होते, त्यामुळे टनांची बरोबरी आपल्याशी करू नये. पण दिशा बघा. पाणी, सावली आणि बसायची मुभा मिळाल्यावर त्याच माणसांनी जास्त ऊस तोडला.

आपल्याकडे एका टोळीला एक पाण्याची टाकी आणि दोन ताडपत्र्या द्यायला किती खर्च येईल? ट्रॅक्टरच्या एका चाकाच्या टायरपेक्षा जास्त नक्कीच नाही.

दुपारी तीन

ऊस तुटून पडलाय, मोळ्या बांधून झाल्यात आणि गाडी आलेली नाही. ती कारखान्याच्या आवारात नंबर लावून उभी आहे. हा ताटकळण्याचा वेळ कुठल्याच हिशेबात नसतो. माणसं सरीतच आडवी होतात. बायका वाढ्याच्या मोळ्या बांधून ठेवतात. गुरांसाठी वाढं विकलं जातं आणि त्यातून मिठा-मिरचीचे पैसे सुटतात.

इकडे उसाचं घड्याळ चालू असतं. तोडल्यापासून त्याचं वजन घटतं आणि आतली साखर मोडायला लागते. चोवीस तासांच्या आत गाळप व्हावं असं सगळेच सांगतात. उन्हाळा जवळ आला की तेवढाही धीर धरवत नाही. एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, उताऱ्याला बांधलेली आहे: 2024-25 च्या हंगामात 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 340 रुपये, आणि उतारा जसा वरखाली होईल तसा दर. तेव्हा ऊस रानात वाळत पडला की कारखान्याबरोबर शेतकऱ्याचाही खिसा हलका होतो. हा तोटा तोडणी कार्यक्रम नीट आखला तर टळतो. गाड्यांना ठरलेली वेळ द्यायची आणि त्या वेळेच्या मागे मोजून तोडणी करायची. ते होत नाही त्याचं कारण मला साधं दिसतं. गाडी उभी राहिली तर मालकाचं भाडं बुडतं, म्हणून गाडीच्या वेळेची काळजी असते. माणूस उभा राहिला तर कुणाचंच काही जात नाही, म्हणून टोळीला आधीच तोडून ठेवायला लावतात.

शेतकऱ्याला उसाचे पैसे चौदा दिवसांत मिळाले पाहिजेत असं 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेलं आहे. दिले नाहीत तर व्याज द्यावं लागतं. शेतकऱ्यांनी त्यासाठी आंदोलनं केली, कोर्टात गेले. तोच ऊस तोडणाऱ्याची मजुरी कधी द्यायची याची तारीख त्या आदेशात नाही.

संध्याकाळी पाच

गाडी येते आणि दिवसाचं सगळ्यांत अवघड काम सुरू होतं. ट्रकला फळी लावतात. तीस-पस्तीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन त्या अरुंद फळीवरून वर चढायचं, मोळी टाकायची, उतरायचं, पुन्हा चढायचं. गडीही चढतात, बायाही चढतात, पोटुशीही चढते. दव पडायला लागलं की फळी निसरडी होते.

फडाच्या मालकाची आणि टोळीची वाजते ती याच सुमाराला. टोळी खुशाली, म्हणजे शेतकऱ्याकडून वरचे पैसे, मागते. मालक म्हणतो, ‘तोडणीचे पैसे कारखाना देतो, मी कशाचे देऊ?’ टोळी म्हणते, ‘मग ऊस राहू द्या उभा.’ फेब्रुवारीत ऊस वाळत असताना शेतकऱ्यापुढे इलाज नसतो, तो देतो. खुशालीवरून दरवर्षी बोंब होते, साखर आयुक्तालय तक्रारी करा म्हणतं. शेतकऱ्याची लूट मला मान्य नाही. पण वाढ्याचे थोडे पैसे सोडले तर हंगामात रोखीने हातात पडणारा हा एकच पैसा असतो, कारण मजुरी सगळी उचलीत वळती होते. हातखर्चाला आठवड्याला जे मिळतं तेही उचलीतच मांडलं जातं. मजुरी आठवड्याला बँकेत पडली तर खुशालीची मागणी निम्म्यावर येईल, असं मी ठामपणे म्हणतो.

रात्री आठ

कोपीत परत. चूल पुन्हा बाईचीच. थोरल्या पोरीने दिवसभर धाकट्याला सांभाळलं, पाणी भरलं, सरपण गोळा केलं. तिचं नाव गावच्या शाळेत आहे. अशा मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना आहे आणि लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळही आहे. महामंडळाला कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यायचे आणि सरकारने तेवढेच घालायचे, अशी रचना ठरलेली आहे. रचना चांगली आहे. ती कोपीपर्यंत पोचली तर ही पोरगी जानेवारीत वर्गात बसलेली दिसेल.

रात्री दहा

मुकादमाच्या कोपीपुढे हिशेब. टन वहीत, खाडे वहीत, हातखर्च वहीत. वही एकच, आणि ती मुकादमाकडे. गड्याला आकडा सांगितला जातो. ‘किती राहिले?’ तो विचारतो. बाई आत लेकराला थोपटत ऐकत असते.

उचल आणि खाडा या दोनच दोऱ्यांवर हा सगळा धंदा बांधलेला आहे, आणि दोन्ही दोऱ्या कारखान्याच्याच गळ्याला बसतात. उचल द्यायची म्हणजे माणूस पळणार नाही, हा हेतू. पण दरवर्षी टोळ्या उचल घेऊन येत नाहीत, दोघा मुकादमांकडून घेतात, हंगामाच्या मध्यात रातोरात निघून जातात. वाहतूकदार कर्जात बुडतात, पोलिसांत तक्रारी होतात आणि वसुलीसाठी मजुरांना डांबून ठेवण्यापर्यंत मजल जाते. पुढच्या वर्षी भरोसा कमी म्हणून उचल आणखी मोठी. खाडा लावायचा म्हणजे हजेरी पक्की राहील, हाही हेतू. पण आजारी माणूस फडावर आल्याने ऊस नीट तुटत नाही, आणि सहा जणींत एकीचं गर्भाशय गेलेलं असतं. आता मजूर कमी पडतात म्हणून हार्वेस्टर आणा, असं चाललंय. ते येतील. पण छोट्या तुकड्यांत, अरुंद सरीत, चिखलात ते सगळीकडे चालणार नाहीत आणि पुढची कित्येक वर्षं कोयता लागणारच.

पुण्या-मुंबईतल्या कंपन्यांत माणसं टिकावीत म्हणून व्यवस्थापनाची शिबिरं होतात. साखर कारखान्यात त्यासाठी शिबिर नको. आठवड्याची एक भरपगारी सुटी, खाडा बंद, फडावर पाणी आणि आडोसा, बाईच्या नावाचं स्वतंत्र खातं, आणि टनाची छापील पावती दोघांच्या हातात. नीट, स्वच्छ, जमिनीलगत तोडणाऱ्या टोळीला टनामागे थोडा वरचा दर. याने उचल एका वर्षात संपणार नाही, पण जो कारखाना हे करील त्याच्याकडे टोळी पुढच्या वर्षी न बोलावता येईल.

सहकारी कारखान्याचा मालक सभासद शेतकरी असतो. हंगामाआधी वार्षिक सर्वसाधारण सभा भरते. आपण तिथे भाव किती देणार हे विचारतो, आणि ते विचारलंच पाहिजे. यंदा त्याबरोबर एक ठराव लेखी द्या: आमच्या कारखान्याच्या ऊसतोडणीत कुणालाही खाडा लागणार नाही, आणि तशी अट वाहतूकदाराच्या करारात घातली जाईल. त्यावर सूचक आणि अनुमोदक म्हणून दोन सभासदांच्या सह्या घ्या.